हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ : नाद, चेतातंतू आणि काळ

मागील घटकांत आपण भाषेतील ध्वनींकडे तोंडाच्या बाजूने पाहिले. जीभ कोठे टेकते, ओठ गोल होतात की पसरतात, याचा विचार केला. आता तेच ध्वनी ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहावयाचे आहेत. त्यासाठी ज्यांच्या चरित्राचा परिचय करून घेणे आवश्यक आहे, ते हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ भाषाशास्त्रज्ञ नव्हते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमासंदर्भात त्यांचे नाव कदाचित आपल्या कानांवरून गेले असेल. तथापि ऐकणे ही काळात घडणारी आणि मोजता येणारी घटना आहे, या आज आपल्याला स्वाभाविक वाटणाऱ्या कल्पनेमागे त्यांचे कष्ट आहेत.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी प्रशियातील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळेत भाषा आणि तत्त्वज्ञान शिकवीत. मुलाचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. परंतु घरची परिस्थिती बेताची. तेव्हा, पदवीनंतर लष्करात वैद्यकीय सेवा करण्याच्या अटीवर सरकारी खर्चाने शिक्षण देणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत ते दाखल झाले. म्हणजे वैद्यकाकडे ते वळले ते नाइलाजाने. हा नाइलाज विज्ञानाच्या पथ्यावर पडला असे म्हणावे लागेल, कारण भौतिकशास्त्राची शिस्त शरीराच्या प्रश्नांना लावणारा माणूस त्यातून घडला. विद्यार्थिदशेतही त्यांनी पियानो सोडला नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

बर्लिनमध्ये त्यांचे गुरू होते योहानेस म्युलर, त्या काळातील शरीरक्रियाविज्ञानाचे अग्रगण्य आचार्य. चेतातंतूमधून संदेश किती वेगाने जातो, हे मोजणे माणसाच्या आवाक्यात नाही, असे म्युलर यांचे मत होते. गुरूचे हे मत शिष्याने प्रयोगाने खोडून काढले. १८४९ साली क्योनिग्सबेर्ग येथे प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला चेतातंतू घेतला. चेतातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून दूर विजेचा सूक्ष्म झटका दिला, आणि स्नायू आकुंचन पावेपर्यंतचा काळ दोन्ही वेळा मोजला. दूरच्या बिंदूपासून सुरुवात केली असता जो अधिक काळ लागला, तो केवळ त्या मधल्या काही सेंटिमीटरांच्या प्रवासाचा. वजाबाकी एवढी साधी. पण हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांत होता आणि त्या काळी तो दाखवू शकेल असे घड्याळ नव्हते. म्हणून विद्युतप्रवाह जितका वेळ चालू राहील तितका गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, या तत्त्वाचा त्यांनी आधार घेतला. निरीक्षणे टिपून घेण्याचे काम पत्नी ओल्गा करीत असत.

उत्तर आले ते सेकंदाला सुमारे २७ मीटर. हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बेडकाच्या चेतातंतूतील संदेशाचा वेग त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी! ही वार्ता १८५० च्या आरंभी जाहीर झाली, तेव्हा विद्वानांनाही ती सहजी पचली नाही. खुद्द वडिलांना ती चमत्कारिक वाटली. विचार आणि शरीराची कृती एकाच क्षणी घडतात, अशी त्या तत्त्वज्ञ शिक्षकाची धारणा होती. मला या पितापुत्रांतील मतभेद फार महत्त्वाचा वाटतो. आपण ऐकतो ते 'आता' ऐकतो, असे आपणही मानत असतोच ना?

हेल्महोल्ट्झ यांनी हाच प्रयोग माणसांवरही करून पाहिला. त्वचेवर जवळ व दूर विजेचा सौम्य झटका देऊन हाताने उत्तर द्यावयास सांगायचे, अशी ती रीत होती. पण व्यक्तिगणिक आकडे बदलत. पुढे १८६८ मध्ये उट्रेख्ट येथे डोंडर्स यांनी हीच वजाबाकी बोलण्याला लावली. ऐकलेले अक्षर तसेच उच्चारण्यास किती वेळ लागतो, आणि कोणते अक्षर येणार हे आधी ठाऊक नसेल तर किती अधिक लागतो, हे त्यांनी मोजले. मनातील ओळखण्याच्या क्रियेलाही काळ लागतो, हे अशा रीतीने प्रयोगशाळेत आले.

दरम्यान हेल्महोल्ट्झ १८५५ मध्ये बॉन आणि १८५८ मध्ये हायडेलबेर्ग येथे गेले होते. १८५९ मध्ये ओल्गा यांचे निधन झाले. याच सुमारास ते स्वरांच्या प्रश्नाशी भिडले होते. 'आ' आणि 'ई' एकाच पट्टीत, एकाच जोराने म्हटले तरी वेगळे का ऐकू येतात? त्यांचे उत्तर असे : कंठातून मूळ नादाबरोबर अनेक उपस्वर निघतात, आणि तोंडाची पोकळी आपल्या आकारानुसार त्यांपैकी काहींना उचलून धरते. संगीतशास्त्रात ज्याला नादाची जात म्हणतात, तीच येथे स्वराची ओळख ठरते. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी विजेवर कंप पावणारे नादकाटे एकत्र वाजवून स्वरसदृश नाद निर्माण केले. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नादसंवेदनेवरील ग्रंथात हे सारे विवेचन आहे. इंग्लंडमधील स्वनविज्ञ एलिस यांच्याकडून या प्रयोगांची माहिती मिळालेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा, हेल्महोल्ट्झ यांनी स्वर तारेतून पाठविले, असा गैरसमज झाला आणि त्यातून ते टेलिफोनच्या वाटेला लागले. भाषा नीट न समजण्याचे असे लाभ विरळाच!

येथे वाचन थांबवून एक प्रयोग करा. 'ई, ए, आ, ओ, ऊ' हे स्वर याच क्रमाने कुजबुजत म्हणा. कंठ कंप पावत नाही, तरीही एक सूर वरून खाली उतरताना ऐकू येईल. तो आपल्या तोंडाच्या पोकळीचा सूर होय.

कानाविषयी हेल्महोल्ट्झ यांचा सिद्धांत याच वाटेने जातो. अंतर्कर्णात क्रमाने लावलेल्या तारांसारखी रचना असून प्रत्येक भाग आपापल्या स्वराला प्रतिसाद देतो, असे त्यांनी मांडले. पियानो वाजविणाऱ्यालाच सुचावी अशी ही कल्पना. पण ध्वनी थांबल्यावर त्या तारा कंप पावत राहिल्या तर पुढचा ध्वनी त्यांत मिसळेल, ही अडचण त्यांनी ओळखली होती. सेकंदाला दहा स्वर या गतीने दोन स्वर आलटून पालटून घेतले तर वरच्या पट्टीत ते स्वच्छ ऐकू येतात, खर्जात मात्र गढूळ होतात. यावरून कानातील कंपने किती लवकर शमत असतील याचा त्यांनी अंदाज बांधला. पुढे बेकेशी यांनी अंतर्कर्णातील पडद्यावरून लाट धावते असे दाखविले आणि १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळविले. कोणता स्वर कोठे उमटतो हे तत्त्व मात्र टिकले.

१८७१ पासून हेल्महोल्ट्झ बर्लिनमध्ये होते. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याकडे भाषेचा अभ्यासक म्हणून पाहताना मला एक गोष्ट खटकते. चेतातंतूतला काळ ज्यांनी मोजला, त्यांच्याच श्रवणसिद्धांतात काळाला दुय्यम जागा मिळाली. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारा स्वर त्यांच्या हाती आला आणि क्षणात घडून जाणारे व्यंजन बहुतांशी निसटले. 'काल', 'खाल' आणि 'गाल' हे शब्द गळ्यावर बोटे ठेवून म्हणा. 'गाल'मध्ये जीभ सुटण्यापूर्वीच कंप सुरू होतो, 'काल'मध्ये सुटल्यावर लगेच, आणि 'खाल'मध्ये मध्ये श्वासाचा झोत जाऊन थोडा उशिरा. हे अंतर सेकंदाच्या काही शतांश भागांचेच असते, आणि मराठी ऐकणारा मेंदू तेवढ्यावर तीन शब्द वेगळे करतो. आणखी काही वेळा म्हणून पाहा; 'घाल'मध्ये काय होते तेही तपासा.