शेठ वालचंद हिराचंद आणि ओझे ओढणारी इंजिने



आपल्या जामबागेतून बेगम बाजार व अफझलगंजकडे दिवसभर मालाच्या गाड्या जात असतात. मागच्या महिन्यात आठवीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले की, पूर्वीच्या ट्रकचे इंजिन जास्त ओढायचे की आताचे? आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतलेले, विषय इतिहास. इंजिनाच्या बाबतीत आमचे ज्ञान बेताचेच. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांजवळ बसून आम्ही थोडे शिकून घेतले. शिकता शिकता एका मोठ्या माणसाचे चरित्र समोर आले, तेच येथे देत आहोत.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळ गुजराती दिगंबर जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे ते शिकले. घरच्या सावकारीत व कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. ही तीच छोटी गाडी, जी पुढे निजामाच्या राज्यातील लातूरपर्यंत पोहोचली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा तिच्यात बसूनच निघाले असतील. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या हातून झाली.

1919 मध्ये त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज सहकाऱ्यांसह विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. 5 एप्रिल 1919 रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, म्हणून आज 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. मात्र या कथेची दुसरी बाजू मुलांना सहसा सांगितली जात नाही. जहाज 1891 साली बांधलेले, म्हणजे 28 वर्षांचे जुने होते आणि ते चालवणे परवडत नव्हते. इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून स्पर्धा केली ती वेगळीच. जुने यंत्र स्वस्तात मिळते, पण पुढे रोज पैसे खाते, हे शेठजी तेव्हाच शिकले असावेत असे आम्हास वाटते.

आता मोटारीकडे येऊ. त्या काळी आपल्या देशात धावणारी प्रत्येक मोटार आणि ट्रक परदेशी इंजिनावर चाले. येथे हैदराबादेत 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने 27 बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली, त्या गाड्याही स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना असावा अशी योजना सर विश्वेश्वरय्या यांनी मांडली. 1908 च्या मुसी नदीच्या पुरानंतर आपल्या शहराला ज्यांनी वाचवले तेच हे विश्वेश्वरय्या. वालचंद शेठ योजनेच्या पाठीशी उभे राहिले. मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अनुकूल होते, परंतु 1939 मध्ये त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मग म्हैसूर संस्थानात बंगलोरला कारखाना काढायचे ठरले, तर युद्धासाठी मोटारी आवश्यक नाहीत असे सांगून भारत सरकारने अडवले. युद्धात ट्रक आवश्यक नाहीत, हे कारण वाचून आम्हाला आजही नवल वाटते.

शेठजी 1939 मध्ये अमेरिकेला जाऊन आले. फोर्डशी जमले नाही, 1940 मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार झाला. याच प्रवासात, विमानात, विल्यम पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ भेटले आणि त्यातून 1940 च्या डिसेंबरात बंगलोरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मली. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना सुरू झाला, कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. मोटारीची प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र 1944 मध्येच स्थापन होऊ शकली. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यातून मार्च 1947 मध्ये पहिली गाडी बाहेर आली. येथे क्रायस्लरच्या मोटारी आणि डॉज, फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. जोडले, हा शब्द लक्षात ठेवा. सुरुवातीला भाग परदेशातून पेट्यांत भरून येत. ते येथे घडवायला पुढे बरीच वर्षे लागली.

या डॉज ट्रकच्या पेट्रोल इंजिनापाशी त्या विद्यार्थ्याचा प्रश्न येतो. अमेरिकेत त्या काळच्या अशा एका इंजिनात 6 सिलिंडर, सगळे मिळून सुमारे 3.8 लिटर, आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. शक्ती सुमारे 100 अश्वशक्ती. फिरवण्याचा जोर, ज्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतात, सुमारे 250 न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला फक्त 1,200 फेऱ्यांवर. बैलासारखे समजा. बैल धावत नाही, पण चिखलात रुतलेली गाडी पहिल्याच पावलाला हलवतो. वेग वाढवला की बाजूच्या व्हॉल्व्हमधून हवा पुरेशी जात नसे आणि दम संपे. त्या वेळचे पेट्रोल हलके असल्याने ते इंजिनात फार दाबताही येत नसे, दाबले तर इंजिन ठोकू लागे. दुरुस्ती मात्र सोपी. वरचे झाकण उघडून रस्त्याच्या कडेलाही काजळी खरवडता येत असे.

आता नवे पाहा. अमेरिकेत फोर्डने 2020 च्या मोठ्या ट्रकमध्ये 7.3 लिटरचे, 8 सिलिंडरचे पेट्रोल इंजिन दिले. शक्ती 430 अश्वशक्ती, जोर सुमारे 644 न्यूटन-मीटर, पण 4,000 फेऱ्यांवर. हिशेब केला तर दर लिटरमागे जोर साधारण एक-तृतीयांशाने वाढला आहे आणि शक्ती दुपटीहून जास्त. म्हणजे नवे इंजिन खूप जास्त ओढते ते मुख्यतः जलद फिरून. ते फिरणे चाकापर्यंत नीट पोहोचवायला 10 गिअरची पेटी आहे, आणि ठोकणे टाळायला संगणक. गंमत अशी की याच्या आधीच्या 10 सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर नेला होता, नव्यात तो पुन्हा खाली ब्लॉकमध्ये आणला. ओझ्याच्या कामाला जुनी साधी रचना इंजिनिअरांना परत आठवली. तेव्हा उत्तर असे की ओझे नवेच जास्त नेते. पण हळू फिरून गाडी जागची हलवण्याच्या कामात जुने इंजिन आपल्या आकाराच्या मानाने कमी नव्हते.

आपल्याकडे मात्र जड ट्रकमधून पेट्रोल गेलेच. डिझेल स्वस्त पडे. प्रीमियरच्या ट्रकमध्येही पर्किन्स जातीचे डिझेल इंजिन आले आणि 1954 मध्ये जमशेदपूरहून टाटांचे डिझेल ट्रक निघू लागले.

ते पाहायला वालचंद शेठ राहिले नाहीत. विमानाचा कारखाना 1942 मध्येच सरकारकडे गेला होता. 1948 मध्ये विशाखापट्टणमला ‘जलउषा’ जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, पण तो कारखानाही 1952 मध्ये मुख्यतः सरकारचा झाला. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

दोन्ही इंजिनांचे आकडे प्रयोगशाळेबाहेरील फळ्यावर लावले आहेत. लिटरमागचा हिशेब नववीच्या मुलांनी स्वतः करून पाहावा. आमचा चुकला असेल तर कार्यालयात येऊन सांगावे.