माणसे आधी, यंत्रे मागाहून : लक्ष्मणराव किर्लोस्कर

सुरतेतील आपली बहुतेक मराठी घरे कुठल्या ना कुठल्या गिरणीच्या, कारखान्याच्या किंवा कचेरीच्या आधाराने येथे रुजली. त्यामुळे काम अचानक बंद पडले म्हणजे घराचे काय होते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या दिवसांत लाखो माणसे गाठोडी बांधून स्टेशनकडे धावली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले आणि लूम, दुकाने, घरे सारे एकदमच बुडाले. २०२० चा लॉकडाऊन तर अगदी कालचा. अशा प्रत्येक वेळी दोन प्रश्न पुढे येतात. धंदा पुन्हा कसा सुरू व्हायचा, आणि धंद्यातल्या माणसांनी तोवर काय करायचे? मोठ्या कंपन्यांत आज यासाठी आराखडे असतात. असा कुठलाही आराखडा हाती नसताना हे दोन प्रश्न एकत्र सोडवणाऱ्या एका मराठी माणसाचे स्मरण या उत्सवात करावेसे वाटते. ते म्हणजे उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, हात मात्र चित्रात आणि यंत्रात चाले. म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि चित्रकार होण्याची वाट बंद झाली. त्यांनी यांत्रिक रेखांकन शिकून घेतले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. तेथे वडीलबंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान चालले होतेच. त्यातूनच 'किर्लोस्कर ब्रदर्स' उभी राहिली. कडबा कापण्याची यंत्रे झाली, मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

धंद्याचा जम बसतो आहे तोच पहिले मोठे संकट आले. नवी वस्ती वसवायची म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याची नोटीस दिली. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला बांधकामाच्या कामावर होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण समजली. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाण्याची वानवा आणि सापांचा सुळसुळाट. पण रेल्वे शेजारीच होती. मार्च १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

येथे लक्ष्मणरावांनी काय केले ते नीट पाहावे. यंत्रे वॅगनीत घालून नेणे सोपे होते. नव्या जागी स्वस्तात नवी माणसेही मिळाली असती. त्यांनी मात्र बेळगावचे आपले कामगार बायकामुलांसह बरोबर नेले. कारखान्याच्या छपराइतकीच राहण्याची सोय निकडीची मानली. पाणी, स्वच्छता, औषधपाणी आणि वस्तीची आखणी हे सारे रामूअण्णांनी अंगावर घेतले. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे जिवाभावाचे सहकारी त्या माळावर येऊन राहिले. वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा दंडक घातला गेला. शिक्षा भोगून आलेल्या ज्या माणसांना गावात कोणी उभे करीत नव्हते, त्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि त्या माणसांनी विश्वास राखला.

हे केवळ दयाबुद्धीने झाले असे नाही. ओतकाम करणारा, लेथ चालवणारा तयार माणूस घडायला वर्षे लागतात. तो पोटासाठी पांगला तर नवी यंत्रे आणूनही कारखाना चालत नाही. लक्ष्मणराव हे जाणून होते.

पहिल्या महायुद्धात याचा प्रत्यय आला. परदेशी नांगर येईनासे झाले, मागणी वाढली, पण लोखंड आणि दगडी कोळसा मिळेना. तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली गेली. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी गडावरच्या निकामी तोफा दिल्या, त्यांचे नांगर झाले. असे प्रयोग हुकूम देऊन होत नसतात. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला काम आपले वाटावे लागते. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली. पुढे नांगरांच्या जोडीला पंप आले, आणि मंदीच्या काळात फर्निचर व यंत्रहत्यारे अशी नवी कामे हाती घेऊन कारखाना चालता राहिला.

सर्वांत मोठा घाव उतारवयात बसला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर एका पिढीने निवडुंग तोडून घरे बांधली, तेथे राखेचे ढीग झाले. पण काम जाणणारी माणसे होती, पुढची पिढी तयार होती. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तेथे पंप तयार होतात. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. २० जून १९६९ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्या मंडळींपैकी कित्येकांचे लहानसे युनिट आहे, वर्कशॉप आहे, कोणाच्या हाताखाली दहा-वीस माणसे आहेत. लक्ष्मणरावांचे चरित्र आपल्याला झेपेल असे थोडे काही शिकवते. पावसाळ्याआधी आपण मशीन उंचावर ठेवतो, हिशेबाच्या वह्या माळ्यावर नेतो. त्याच वेळी प्रत्येक कामगाराचा पत्ता आणि गावाकडचा फोन लिहून ठेवावा. काम बंद पडले तर पहिल्या महिन्याचा पगार कसा पोहोचवायचा ते ठरवावे. कोणाचे घर सखल भागात आहे हे माहीत असावे, आणि एकाचे काम दुसऱ्याला शिकवून ठेवावे. संकट ओसरल्यावर शटर उघडायला हीच माणसे येणार आहेत.

विघ्न येऊच नये अशी प्रार्थना आपण बाप्पाकडे करतोच. आले तर आपली माणसे सांभाळण्याची बुद्धी आणि बळ त्याने द्यावे, हेही या वर्षी मागू या.

गणपती बाप्पा मोरया!