आमवात झाल्यावर काय वाचावे? चित्रकार रन्वार यांचे आयुष्य

पेण तालुक्यातील जिते, हमरापूर, जोहे या गावांत अनेक घरांचा संसार गणेशमूर्तींवर चालतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारी बोटे सकाळी उघडेनाशी झाली, तर प्रश्न फक्त दुखण्याचा राहत नाही, पोटापाण्याचा होतो. आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, निदान झाल्यावर औषधांच्या माहितीइतकेच उपयोगी वाचन म्हणजे हा आजार घेऊन जगलेल्या माणसाचे चरित्र. फ्रेंच चित्रकार ऑगुस्त रन्वार यांचे चरित्र असेच आहे.

बशा रंगवणारा मुलगा

रन्वार यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोज येथे झाला. वडील शिंपी होते. तेराव्या वर्षाच्या सुमारास ते पॅरिसमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याच्या कामाला लागले. पुढे मोने यांच्यासारख्या मित्रांसह त्यांनी चित्रकलेत नवी वाट पाडली.

सांधे आखडू लागले

पन्नाशीच्या आसपास, १८९२च्या सुमारास, आमवात सुरू झाला. १८९७ मध्ये सायकलवरून पडून त्यांचा उजवा हात मोडला. त्यानंतरच्या वर्षांत आजार बळावत गेला. ऊबदार हवेसाठी ते दक्षिण फ्रान्सला जाऊ लागले आणि १९०७ मध्ये त्यांनी काञ येथे जागा घेतली. हवेने बरे वाटले असेल, पण सांध्यांची झीज थांबली नाही. बोटे तळव्याकडे वळली, खांदे आखडले आणि १९१२च्या सुमारास चाकाची खुर्ची आली.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. ब्रश हाताला बांधलेला असे, हा समज चुकीचा आहे. कातडी सोलू नये म्हणून तळहातावर कापडी पट्ट्या गुंडाळत आणि ब्रश कोणीतरी बोटांत देई. मोठा कॅनव्हास रुळांवर गुंडाळून पुढेमागे सरकवता येईल अशी सोय होती, त्यामुळे खांदा फार उचलावा लागत नसे. १९१३ पासून रिशार ग्विनो या तरुण शिल्पकाराच्या हातांनी त्यांनी शिल्पेही घडवली: कल्पना आणि सूचना रन्वार यांच्या, माती ग्विनो यांच्या हातात. ३ डिसेंबर १९१९ रोजी, ७८व्या वर्षी, ते वारले. अखेरपर्यंत ते रंगवत होते.

यातून काय घ्यावे, काय घेऊ नये

काम सोडण्याआधी कामाची पद्धत बदलून पाहावी, हे जरूर घ्यावे. ब्रशची मूठ कापड गुंडाळून जाड करणे, मूर्ती फिरत्या पाटावर ठेवणे, जड उचलायला मदत घेणे, हे घरीही जमते.

मात्र दुखणे सोसत राहणे हाच मार्ग, असा अर्थ काढू नये. रन्वार यांच्या काळी आजाराला आवर घालणारे औषध नव्हते. आज मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केली तर बोटे वाकडी होणे बहुतेकदा टाळता येते. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेणे जिवावर बेतू शकते.

वाचन निवडताना

रन्वार यांचा मुलगा, चित्रपट दिग्दर्शक झाँ रन्वार, याने १९६२ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिले. धीर हवा असेल तर असे पुस्तक वाचावे, उपचार मात्र त्यातून शोधू नयेत. उपचारांविषयी वाचताना तीन गोष्टी पाहा: लिहिणारा कोण, लिहिले कधी आणि कोणत्या संधिवाताबद्दल. गुडघ्याची झीज, गाऊट आणि आमवात यांचे उपचार वेगवेगळे आहेत. मुळापासून बरे करण्याची हमी देणारा मजकूर बाजूला ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन्ही हातांचे लहान सांधे सुजले असतील आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नका. लगेच तपासणी करून घ्या.