डॉ. सलीम अली आणि अनुकूलनाचा पाठ



५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. 'अनुकूलन' शिकवायला यापेक्षा चांगली वेळ नाही. अनुकूलनाची व्याख्या मुलं चटकन पाठ करतात. पण सजीवाची चोच, पाय आणि सवयी तो राहतो त्या जागेशी कशा जुळलेल्या असतात, हे त्या जागी थांबून पाहिल्याशिवाय कळत नाही. सलीम अलींनी आयुष्यभर हेच केलं. म्हणून ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

सलीम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचं छत्र अगदी लहानपणीच हरपलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. दहा-बारा वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी या मुलाला दाखवले. पालकहो, इथे थोडं थांबा. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे त्याला पाठवणं, एवढं त्या मामांनी केलं. पुढचं सगळं त्यातून घडलं.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. कॉलेजात मन रमलं नाही, म्हणून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले. तिथेही लक्ष जंगलातल्या पक्ष्यांकडेच. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. नंतर ते जर्मनीत बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान या पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. परत येऊन पाहतात तर पैशांअभावी ती जागाच बंद झालेली! मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

नोकरी नाही, हाती फक्त वेळ. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी घराजवळच्या सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण सुरू केलं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारे सुगरणीचे खोपे आपल्या निफाड तालुक्यातही दिसतात. नाव 'सुगरण', त्यामुळे खोपा मादी विणते असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात विणकर असतो नर. सलीम अलींनी तासन्‌तास बसून पुढची गोष्टही टिपली. नर आधी अर्धाच खोपा विणतो. मग माद्या येतात आणि आत शिरून खोपा पारखतात. एखादीला तो पसंत पडला की नर लांब नळी जोडून तो पूर्ण करतो. मादी आत अंडी घालते, आणि नर शेजारीच दुसर्‍या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो!

आता याकडे अनुकूलन म्हणून पाहा. खोपा बारीक फांदीच्या टोकाला, बर्‍याचदा पाण्यावर किंवा काटेरी झाडाला असतो. साप आणि इतर शत्रू तिथे सहज पोचत नाहीत. नळीसारख्या दारातून आत शिरणंही अवघड. विणीचा हंगाम पावसाळ्यातच, कारण तेव्हा विणायला लांब हिरवी पाती मिळतात आणि पिल्लांना भरवायला किडे भरपूर असतात.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. हा घाव मोठा होता, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक आलं आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखता येऊ लागले. पुढे डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंड झाले. पद्मभूषण आणि पद्मविभूषण मिळाले. पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

राजस्थानातलं भरतपूरचं पाणथळ वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथे गुरं चारणं बंद व्हावं असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये बंदी आली, गावकर्‍यांचा विरोध झाला, गोळीबारात माणसं मेली. पण म्हशी गेल्यावर गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. म्हशी हा त्या अधिवासाचाच भाग होत्या, हे सलीम अलींच्याच संस्थेच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून पुढे आलं. ही गोष्ट मुलांपासून लपवू नका. मोठ्या माणसाचं मतसुद्धा निरीक्षणाने तपासायचं असतं, हेच तर विज्ञान.

'महाराष्ट्राचं भरतपूर' ही नांदूर मध्यमेश्वरची ओळख सलीम अलींच्याच नावाशी जोडली जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं हे ठिकाण आपल्याच तालुक्यात आहे. बंधार्‍यात वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. मुलांना हिवाळ्यात सकाळी लवकर तिथे न्या आणि हे पाहायला सांगा :

१. चमचा पक्षी चपटी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे कशी फिरवतो?
२. शेकाट्याचे पाय किती लांब आहेत? तो किती खोल पाण्यात उभा राहतो?
३. वारकरी पक्ष्याच्या बोटांना झालरीसारखे पडदे असतात. त्यांचा पोहताना काय उपयोग होत असेल?
४. पाणकावळा बुडी मारून आल्यावर पंख पसरून का बसतो?

उत्तरं लगेच सांगू नका. मुलांना वहीत चित्र काढू द्या, अंदाज लिहू द्या, आणि महिन्याभराने पुन्हा पाहायला लावा. सहल जमली नाही तर शाळेच्या आवारातला बगळा आणि साळुंकीही चालेल. एकाच पक्ष्याला रोज दहा मिनिटं पाहिलं, तरी अनुकूलनाची व्याख्या मुलं स्वतःच्या शब्दांत सांगतील.