जोन प्रॉक्टर

जोन बीचम प्रॉक्टर (५ ऑगस्ट, १८९७:लंडन, इंग्लंड - २० सप्टेंबर, १९३१:लंडन, इंग्लंड) या ब्रिटिश सरीसृपशास्त्रज्ञ होत्या. लंडन प्राणिसंग्रहालयातील सरीसृप विभागाच्या त्या प्रमुख होत्या. बंदिवासातील सरपटणाऱ्या प्राण्यांना योग्य उष्णता, प्रकाश व निवारा पुरविणाऱ्या सरीसृपगृहाच्या रचनेसाठी त्या ओळखल्या जातात.

सुरुवातीचे जीवन

प्रॉक्टर यांना बालपणापासून साप, सरडे व कासवे पाळण्याची आवड होती. त्यांचे शालेय शिक्षण लंडनमधील सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत झाले. शाळेत असताना त्यांनी मगरीचे पिल्लू पाळले होते. आतड्याच्या जुनाट विकारामुळे त्यांना विद्यापीठात शिक्षण घेता आले नाही.

कारकीर्द

इ.स. १९१६ मध्ये त्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात जॉर्ज अल्बर्ट बूलेंजर यांच्या साहाय्यक झाल्या. बूलेंजर इ.स. १९२० मध्ये निवृत्त झाल्यावर सरीसृपांच्या संग्रहाचे काम त्यांच्याकडे आले. इ.स. १९२३ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयाने त्यांची सरीसृप विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक केली. तेथील नव्या मत्स्यालयातील खडकांची मांडणीही त्यांनीच केली.

सरीसृपगृह

वास्तुविशारद गाय डॉबर यांच्यासमवेत प्रॉक्टर यांनी आखलेले सरीसृपगृह इ.स. १९२७ मध्ये सुरू झाले. सरपटणारे प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाहीत. पचन, हालचाल आणि रोगप्रतिकार या क्रियांसाठी त्यांना बाहेरील उष्णतेवर अवलंबून राहावे लागते. सतत थंडी, कोंदट हवा किंवा जातीला न मानवणारी आर्द्रता असल्यास त्यांना श्वसनमार्गाचा संसर्ग जडतो. साप व सरडे यांना सस्तन प्राण्यांप्रमाणे मध्यपटल नसते. त्यामुळे साचलेला कफ खोकून बाहेर टाकणे त्यांना कठीण जाते व संसर्ग फुप्फुसापर्यंत पोहोचतो. म्हणूनच औषधोपचारापेक्षा निवाऱ्याची रचना अधिक महत्त्वाची ठरते.

संपूर्ण इमारत एकाच तापमानाला ठेवण्याऐवजी प्रॉक्टर यांनी विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी उष्णता देण्याची व्यवस्था केली. पिंजऱ्याचा एक भाग उबदार व दुसरा थंड असला, की प्राण्याला गरजेनुसार जागा बदलता येते. साधी काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे अडवते. त्यासाठी ती किरणे आत येऊ देणारी व्हिटाग्लास नावाची काच येथे वापरली गेली. मत्स्यालयाप्रमाणे प्रकाश प्राण्यांवर पडे व प्रेक्षकांचा मार्ग अंधारात राही.

इ.स. १९२७ मध्ये आणलेल्या कोमोडो ड्रॅगनपैकी सुंबावा नावाचा प्राणी प्रॉक्टर यांच्या हातून अन्न घेई. ही घोरपड योग्य हाताळणीने माणसाळते, हे त्यांनी इ.स. १९२८ मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवून दिले.

आजारपण व मृत्यू

प्रॉक्टर यांचे आजारपण अखेरपर्यंत सुटले नाही. प्राणिसंग्रहालयात त्या विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीतून फिरत. इ.स. १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांचा अर्धपुतळा लंडनच्या सरीसृपगृहात बसविण्यात आला. उबदार व थंड असे दोन भाग राखण्याची पद्धत आजही सरीसृपांच्या निगेचा पाया मानली जाते.