विश्लेषण : लुई पाश्चर यांनी जनावरांच्या साथी कशा रोखल्या?

दुधाच्या पिशवीवरील ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर डॉक्टर नव्हते आणि पशुवैद्यही नव्हते. तरीही कोंबड्या, मेंढ्या, गुरे आणि डुकरांच्या रोगांवर त्यांनी केलेले काम आजही पशुपालकांच्या उपयोगी पडते.

पाश्चर जनावरांच्या रोगांकडे कसे वळले?

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पाश्चर रसायनशास्त्र शिकले. दारू आंबण्यामागे आणि दूध नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे त्यांनी दाखवून दिले. १८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये रोगामुळे रेशीम उत्पादक देशोधडीला लागत होते. सरकारने पाश्चर यांना तिकडे पाठवले. निरोगी अंडी निवडण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली. याच काळात त्यांच्यावर आघात होत होते. पाच मुलांपैकी तीन मुली बालपणीच दगावल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही.

कोंबड्यांवरील प्रयोगात काय आढळले?

१८७९ च्या सुमारास पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करत होते. प्रयोगशाळेत बराच काळ ठेवलेले जुने जंतू टोचले, तर कोंबड्या मरत नव्हत्या. पुढे त्यांनाच ताजे, घातक जंतू टोचले, तरीही त्या वाचत. कमजोर केलेला जंतू शरीराला लढायला शिकवतो, हे यातून स्पष्ट झाले. पुढे या जंतूंच्या गटाला ‘पाश्चुरेला’ हे नाव मिळाले. गाई-म्हशींना पावसाळ्याच्या तोंडावर ज्याची लस टोचतात, तो घटसर्पही याच जातीच्या जंतूमुळे होतो.

काळपुळीचे कोडे कसे सुटले?

काळपुळी, म्हणजे फाशी किंवा अँथ्रॅक्स, हा रोग धडधाकट मेंढ्या-गुरांना एक-दोन दिवसांत मारतो. तो कोणत्या जंतूमुळे होतो, हे जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले होते. मात्र काही शेतांत साथ वर्षानुवर्षे का परतते, हा प्रश्न शिल्लक होता. पाश्चर शेतांत गेले. जिथे मेलेली जनावरे पुरली होती, तिथल्या मातीत रोगाचे बीजाणू टिकून राहिले होते. गांडुळे ते वर आणतात आणि चरताना ते जनावरांच्या पोटात जातात, असे त्यांनी मांडले.

मेंढ्यांवरील जाहीर प्रयोग काय होता?

पाश्चर यांच्या दाव्यावर अनेकांचा विश्वास नव्हता. रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याने त्यांना जाहीर प्रयोगाचे आव्हान दिले. पॅरिसजवळच्या पुई-ल-फोर येथील शेतावर ५ मे १८८१ रोजी प्रयोग सुरू झाला. सुमारे ५० शेळ्या-मेंढ्यांपैकी निम्म्यांना लस देण्यात आली, निम्म्यांना दिली नाही. काही गाईही होत्या. १७ मे रोजी लशीची दुसरी मात्रा दिली आणि ३१ मे रोजी सर्व जनावरांना घातक जंतू टोचले. २ जून रोजी लोक जमले, तेव्हा लस न दिलेल्या बहुतेक मेंढ्या मेल्या होत्या आणि उरलेल्या अखेरच्या घटका मोजत होत्या. लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या. त्यानंतरच्या सुमारे १२ वर्षांत फ्रान्समध्ये ३० लाखांहून अधिक मेंढ्यांना ही लस देण्यात आली.

या यशावर वाद का होतो?

जंतूंना हवेतील ऑक्सिजनने कमजोर केले, असा लोकांचा समज पाश्चर यांनी होऊ दिला. प्रत्यक्षात त्या दिवशी वापरलेली लस त्यांचे सहकारी शाम्बरलां यांनी पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन वापरून तयार केली होती. रसायनाचा मार्ग तुलूझचे पशुवैद्य तुसां यांनी १८८० मध्येच वापरून पाहिला होता. तुसां पुढे आजारी पडले आणि १८९० मध्ये वारले. पाश्चर यांच्या वह्या जवळपास शतकभर कुटुंबाकडे होत्या. त्या अभ्यासकांना खुल्या झाल्यावर ही बाब समोर आली. लस खरी होती, पण श्रेयाची वाटणी न्याय्य झाली नाही.

रेबीजच्या लशीचे काय?

रेबीजवरील प्रयोगही आधी सशांवर आणि कुत्र्यांवर झाले. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचण्यास सुरुवात झाली आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. १९०० मध्ये कसौली येथे त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली आणि भारतातही रेबीजवर उपचार मिळू लागले.

आज पशुपालकांसाठी याचा अर्थ काय?

पाश्चर यांची काळपुळीची लस आता वापरात नाही. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी तयार केलेल्या, अधिक सुरक्षित लशीने तिची जागा घेतली. पुण्यातील औंध येथील शासकीय संस्थेत जनावरांच्या लसी तयार होतात. मातीतील बीजाणूंचा धडा मात्र तसाच आहे. जनावर अचानक दगावले आणि नाका-तोंडातून रक्त आले, तर ते फाडू नये, कातडे काढू नये. हवा लागताच बीजाणू तयार होतात. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. रेबीज कुत्र्यांप्रमाणे मांजरांना आणि गाई-म्हशींनाही होतो. त्यामुळे घरातल्या मांजरालाही दरवर्षी लस देणे आणि कोणी चावल्यास जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन तातडीने दवाखाना गाठणे गरजेचे आहे.