विश्लेषण : धरणे बांधणाऱ्या शंकरराव चव्हाणांचे गणित उसापाशी का अडले?

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे औंढा नागनाथ-वसमत रस्त्यावरचे गाव. पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण याच औंढा तालुक्यात, गावाच्या वरच्या अंगाला आहे. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याचा करार झाला, तेव्हा या धरणाची जागा नकाशावरची एक सीमारेषा ठरली. गोदावरीचे पैठणपर्यंतचे आणि पूर्णेचे सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली, आंध्रातील पोचमपाड धरणापर्यंतच्या भागात मात्र नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपेक्षा अधिक पाणी घेऊ नये, असे ठरले. शिरड शहापूर या रेषेच्या खाली येते. करार झाला तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. मराठवाड्यातील पाण्याचा जवळपास प्रत्येक मोठा निर्णय या ना त्या टप्प्यावर त्यांच्या टेबलावरून गेला. धरण कुठे बांधायचे हे त्यांना ठरवता आले. त्या पाण्यावर कोणते पीक उभे राहणार, हे मात्र त्यांच्या हाती राहिले नाही.

पैठण ते नांदेड

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणचा. पुढे त्याच गावाला राज्यातील सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक झाला, हा निव्वळ योगायोग. उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभाग, मग नांदेडचे नगराध्यक्षपद असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि शंकरराव उपमंत्री झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावर पाटबंधारे खाते त्यांच्याकडे आले. फायली बारकाईने वाचणारे आणि अधिकाऱ्यांची हजेरी घेणारे मंत्री म्हणून त्यांना ‘हेडमास्तर’ हे नाव पडले. ते टोपणनाव कौतुकाचे होते तसे धास्तीचेही होते.

पूर्णा प्रकल्प हा त्या काळातील मराठवाड्याचा पहिला मोठा आधार. जिंतूर तालुक्यातील येलदरी हे त्याचे मुख्य धरण, उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर. येलदरीचे पाणी वीज निर्माण करून खाली सिद्धेश्वरला येते आणि तिथून कालव्यात जाते. सिद्धेश्वरचा स्वतःचा उपयुक्त साठा जेमतेम ८१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे येलदरीच्या दहावा हिस्सा. त्यामुळे सिद्धेश्वर भरलेले दिसले म्हणून कालव्याखालच्या शेतकऱ्याने निर्धास्त होऊन चालत नाही. रब्बीचे आवर्तन किती पाळ्यांचे, याचे उत्तर येलदरीत असते.

जायकवाडी वर का सरकले?

हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवरचे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ योजले होते. नंतर जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला गेली. नाव तेवढे जुन्या गावाचे राहिले. धरण उंचावर असले की उताराने वाहणारा कालवा अधिक जमिनीला पोहोचतो, हा त्यातला साधा हिशेब. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी लोकार्पण केले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी.

हे आकडे धरणाचे. त्यामागे एक पीकरचनाही गृहीत होती : ज्वारी, गहू, कापूस यांसारखी हंगामी पिके मुख्य, बारमाही पिकांना थोडीच जागा. पाणी थोडे थोडे, पण पुष्कळ जमिनीला मिळावे, असा तो आराखडा होता.

मग बिघडले कुठे?

शेतकऱ्याने कोणते पीक घ्यावे हे पाटबंधारे खाते ठरवत नाही. ते भाव, कर्ज आणि खरेदीदार ठरवतात. जायकवाडीची पायाभरणी झाली त्याच्या पंधरा वर्षे आधीच, १९५० मध्ये, प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. भंडारदरा, दारणा ही ब्रिटिशकालीन धरणे तर त्याही आधीची. पुढे राज्य सरकारने सहकारी कारखान्यांना भागभांडवल दिले, कर्जांना हमी दिली. केंद्राने उसाला किमान दर ठरवून दिला आणि तो देण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. ज्वारीलाही आधारभूत किंमत जाहीर होत होती, पण त्या भावाने ती विकत घेणारा दारात उभा राहत नव्हता. कापसाला १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. तरी कारखाना आणि सोसायटीचे कर्ज मिळून उसाला जी हमी देतात, ती दुसऱ्या कुठल्याच पिकाला मिळाली नाही. त्यात पाणीपट्टी दीर्घकाळ क्षेत्रावर आकारली गेली, मोजून दिलेल्या पाण्यावर नाही.

रब्बी ज्वारी कालव्याच्या तीन-चार पाळ्यांवर येते. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि ऐन उन्हाळ्यात पाणी मागतो. राज्याच्या लागवडीत उसाचा वाटा अवघा काही टक्के, पण सिंचनाच्या पाण्यात तो निम्म्याहून अधिक धरला जातो. पैठणच्या वर नवी धरणे झाली, त्यांच्या लाभक्षेत्रातही ऊस वाढला आणि जायकवाडीत येणारे पाणी मूळ अंदाजापेक्षा घटले. इथे १९७५ च्या कराराची दुसरी बाजू दिसते. पैठणच्या वरचे पाणी महाराष्ट्राचे, एवढेच त्यात ठरले. ते नाशिक-नगरने किती वापरायचे आणि खाली किती सोडायचे, हा राज्याच्या घरातला प्रश्न होता आणि तो तसाच राहिला.

आठमाहीचा आग्रह

१९८६ ते १९८८ या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात शंकररावांनी आठमाही सिंचनाचा आग्रह धरला. कालव्याचे पाणी खरीप आणि रब्बी अशा आठ महिन्यांसाठी द्यावे. उन्हाळी ऊस ज्याला करायचा त्याने विहिरीवर करावा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनीही याच दिशेने मांडणी केली होती. साखर पट्ट्यातून याला तीव्र विरोध झाला. धोरण कागदावर आले, पण जिथे ऊस आधीच रुजला होता तिथे ते फारसे उतरले नाही. परवाने, हमी आणि कर्ज यांची घडी न बदलता केवळ कालव्याची दारे बंद करून पीक बदलेल, ही अपेक्षा मुळातच भाबडी होती.

याचा दोष फक्त वरच्या जिल्ह्यांवर टाकणे मराठवाड्याला सोयीचे वाटते, पण खरे नाही. जायकवाडी आणि पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातही कारखाने उभे राहिले, वसमतलाही राहिला. शंकररावांच्या स्वतःच्या प्रदेशातील नेतृत्वाला कारखाना हवा होता, आठमाही नको होती.

दरम्यान पूर्णेवरही पैठणसारखेच घडले. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीवर येलदरीच्या वर, बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाले. राज्याने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि टंचाईत खोऱ्यातील वरच्या-खालच्या धरणांनी तूट वाटून घेण्याचे तत्त्व त्यात आले. शंकररावांचे २६ फेब्रुवारी २००४ रोजीच निधन झाले होते. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला आज शंकरसागर म्हणतात.

औंढा-वसमत पट्ट्यात आता सोयाबीन, हरभरा आणि मोठ्या प्रमाणावर हळद आहे. हळद जूनमध्ये लावली की निघायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो, म्हणजे हे पीक आठमाहीच्या चौकटीत जवळपास बसते. ते इथे कुठल्या सिंचन धोरणाने आणले नाही. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात तिला गिऱ्हाईक आहे, म्हणून ते टिकले.